दारावरचं जुनं सामान स्प्रे पेंटने नवं करायचंय: मूठ, अल्ड्रॉप, पाटी, दिवा, पत्रपेटी

उंबरा

मंडळी, ठाण्यात नव्वदच्या दशकातली इमारत आहे. मुख्य दार सागवानी, त्याला काही झालेलं नाही. दारावरचं आणि दाराभोवतीचं सामान मात्र पार उतरलंय. पितळी रंगाची लांब मूठ, तिच्यावर राखाडी चट्टे. १० इंची अल्ड्रॉप आणि दोन टॉवर बोल्ट. ओतीव नावाची पाटी, अक्षरं उठावाची. दाराच्या बाजूचा पत्र्याचा दिवा. तळमजल्यावर पत्रपेटी. आणि बाहेरचं लोखंडी सेफ्टी डोअर. त्यावर ऑइल पेंटचे किती हात बसलेत ते रंगाऱ्यालाच ठाऊक, आणि खालच्या पट्टीला गंज धरलाय.

हे सगळं स्प्रे कॅनने काळं मॅट करायचा विचार आहे, दसऱ्याच्या आधी. किती कॅन आणावे, प्रायमर कोणता, आणि मुख्य म्हणजे काय करू नये ते सांगा.

लोहारआळी

कॅन आणण्याआधी लोहचुंबक घ्या. फ्रिजवरचं चालेल. रंग टिकतो की सोलतो हे निम्मं त्याखालच्या धातूवर ठरतं.

मुठीला चुंबक चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. नाही चिकटलं तर भरीव पितळ किंवा जस्ताची ओतीव मिश्रधातू, म्हणजे दुकानदार ज्याला झिंक किंवा व्हाईट मेटल म्हणतात ते. मागच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाजवळ कानशीने हलका ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट राखाडी दिसलं तर झिंक. तुम्ही चट्टे सांगताय त्यावरून झिंकवरचा मुलामा झिजलाय असा माझा अंदाज. अल्ड्रॉप हातात घेतल्यावरच कळेल, ॲल्युमिनियम हलकं लागतं.

पत्रपेटीला चुंबक चिकटेलच, पण पत्रा साधा की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) ते बघा. आतल्या न रंगवलेल्या बाजूला चंदेरी, स्फटिकांची नक्षी दिसली तर जीआय.

प्रायमर असा:

साधं लोखंड: रेड ऑक्साइड किंवा राखाडी मेटल प्रायमर.
ॲल्युमिनियम, जीआय, झिंक, पितळ: एच प्रायमर (इंग्रजीत etch), पातळ एकच हात. यात थोडं आम्ल असतं, ते गुळगुळीत धातूला चावतं आणि वरच्या थराला पकड मिळते. यावर रेड ऑक्साइडची गरज नाही.

जीआयवर थेट सिंथेटिक इनॅमल कधीच नको. इनॅमलमधल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. सोसायट्यांमधल्या कित्येक पत्रपेट्या सोललेल्या दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. लोक मात्र रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

ड्युकोवाला

धातू झाला, आता जुना थर.

आपल्याकडे मिळणारे कॅन ढोबळ मानाने दोन जातींचे. ऑटो पार्ट्सच्या दुकानात १०-१५ मिनिटांत सुकणारे मिळतात ते बहुतेक लॅकर, म्हणजे आपला ड्युको: नायट्रोसेल्युलोज किंवा ॲक्रिलिक. दुसरे इनॅमलचे, सावकाश सुकणारे. लॅकरमधला थिनर जहाल असतो. जुन्या ऑइल पेंटवर ड्युकोचा कॅन मारला की खालचा थर फुगतो आणि दोन मिनिटांत सगळ्याला सुरकुत्या पडतात. उलट, जुन्या पक्क्या ड्युकोवर इनॅमल मारलं तर सहसा काही बिघडत नाही.

जुना थर कोणता ते ओळखायला कापसाच्या बोळ्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोजचा) थिनर घेऊन कोपऱ्यात १५-२० सेकंद दाबून धरा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर लॅकर. फुगला, सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून चढवलेला थर. पावडर कोटिंग पक्कं असेल तर ते काढू नका. ३२० नंबरच्या सँडपेपरने चकाकी घालवा, तोच उत्तम पाया.

कॅनच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचा. 'दुसरा हात एका तासाच्या आत किंवा २४ तासांनंतर' असं काही लिहिलेलं असेल तर तो इनॅमल आहे, आणि तो नियम शब्दशः पाळा. मधल्या वेळात थर वरून सुकलेला आणि आतून ओला असतो. तेव्हा नवा हात मारला की वरची साय आक्रसते. काही कॅनवर ४८ तास असतात. त्या कॅनवर जे छापलंय तेच खरं.

पितळेची_समई

भरीव पितळ निघालं तर कृपया काळं फासू नका. पितळेवर रंग मारणं म्हणजे नको त्या गोष्टीवर पैसे घालवणं. स्क्रू काढा, जुनं लॅकर असेल तर एनसी थिनरने पुसून उतरवा, चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासा, साबणाच्या पाण्याने नीट धुवा, लगेच कोरडं करा. मग ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने एकाच दिशेने घासून पॉलिश. वर क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात. चिंचेचा अंश राहिला तर लॅकरखाली हिरवट डाग उमटतात, म्हणून धुण्यात कंजुषी नको.

ड्युकोवाला

समई, पितळ वाचवायचं हे मान्य. पण क्लिअर लॅकरवर माझा भरवसा नाही. रोज हात लागतो तिथे ते आधी झिजतं आणि मग मधेच चकचकीत, मधेच काळपट अशी मूठ दिसते. मुठीला लॅकर नको, दोन महिन्यांनी पितांबरी पुरे. लॅकर पाटीला, जिथे हात लागत नाही.

पितळेची_समई

पाटीपुरतं मान्य. मुठीचं ज्याच्या त्याच्या आळसावर.

कोकणवारा

दसऱ्याच्या आधी म्हणताय. त्या सुमाराला ठाण्यातून पाऊस पुरता गेलेला असेलच असं नाही. लॅकर भरभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि हवेतली वाफ त्यावर बसते. काळ्या रंगावर दुधाळ पांढरट झाक येते ती हीच. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन हातात घेऊ नका. छोटं डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतं. नसेल तर एवढं पाळा: सकाळी ११ ते दुपारी ३, कोरडा दिवस, आधी दोन तास सामान त्याच जागी ठेवलेलं. एसीच्या खोलीतून आणलेल्या गार धातूवर बाहेर आल्याबरोबर दमटपणा बसतो, डोळ्यांना दिसतही नाही.

पांढरी झाक आलीच तर घाबरून घासू नका. कोरड्या हवेत त्याच रंगाचा अगदी पातळ हात मारला की थर थोडा विरघळतो, अडकलेला ओलावा निघतो आणि बहुतेक वेळा रंग पुन्हा काळा होतो.

किनाऱ्याजवळच्यांसाठी: मालवण, रत्नागिरी, अलिबागला नुसतं पुसून चालत नाही. धातूवर मीठ बसलेलं असतं. ते रंगाखाली राहिलं तर ओलावा ओढून घेतं आणि फोड येतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग घासा, आणि पुन्हा धुवा. घासण्याआधी धुणं महत्त्वाचं, नाहीतर पेपर मीठ ओरखड्यांत आत ढकलतो.

गंज काढायला संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे बरेच आहेत. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज झटक्यात निघतो आणि क्लोराइड मागे राहतं, चार दिवसांत नारिंगी ठिपके हजर. त्यापेक्षा फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर घ्या. सुटा गंज ८० नंबरच्या एमरी पेपरने किंवा तारेच्या ब्रशने काढायचा, कन्व्हर्टर ब्रशने लावायचं, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं, गंज काळा पडला की उरलेलं चिकट आम्ल ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे नागपूर-अकोल्याला उलटी तऱ्हा. एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेला पत्रा हात भाजेल इतका तापतो. रंग कॅनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच अर्धा सुकतो आणि बोट फिरवलं की खरखरीत लागतं. सकाळी ८ च्या आत सावलीत मारा. कॅन गाडीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवू नका, ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये असं त्यावरच लिहिलेलं असतं, आणि बंद गाडीत तेवढं सहज होतं.

अर्थिंग

दिव्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

एमसीबी खाली करा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असण्याचा संभव असतो, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत. टेस्टरने होल्डरचे दोन्ही टोक तपासा, मग दिवा भिंतीवरून उतरवा. भिंतीवर लटकत ठेवून फवारू नका.

दिवा सुटा करा: काच, रबराचं वायसर, होल्डर, वायर, सगळं बाजूला. होल्डर निघत नसेल तर त्यात बसेल एवढी कागदाची गुंडाळी घालून वर मास्किंग टेप. पत्र्याच्या आत, जिथे अर्थिंगचा स्क्रू आहे, तेवढ्या वर्तुळावर टेप लावाच. त्या जागी रंग बसला तर अर्थ वायरचं टोक रंगावर टेकतं, धातूवर नाही, आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. बसवल्यावर मल्टीमीटरने अर्थ वायर आणि पत्रा यांच्यात कंटिन्यूइटी (सलग जोडणी) बघा.

एलईडी दिव्याला मागे ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतील तर त्यावर रंगाचे हातावर हात चढवू नका. त्या उष्णता बाहेर टाकायला असतात. साधा पिवळा बल्ब असेल तर तो बदलून एलईडी लावा, नाहीतर आतल्या उष्णतेने काळा रंग वरच्या बाजूला करपतो.

रबरी वायसर ओल्या रंगावर बसवलं तर चिकटतं, पुढच्या वेळी उघडताना फाटतं आणि पावसाचं पाणी आत जातं. किमान आठवडाभर थांबा.

बेलचं बटण प्लास्टिकचं असतं. ते रंगवू नका, नवीन आणा. थिनरने काही प्लास्टिक मऊ पडतं, बटण कडेला चिकटून बेल वाजतच राहते.

उंबरा

भरपूर मिळालं, आभार. चुंबक लावून पाहिलं. मूठ झिंक (लोहारआळी, अंदाज बरोबर), अल्ड्रॉप-बोल्ट ॲल्युमिनियम, पत्रपेटी जीआय, पाटी भरीव पितळ. आता प्रत्यक्ष फवारायचं कसं? आणि पाटी काळी करून अक्षरं सोनेरी ठेवता येतील का?

लोहारआळी

आधी तयारी. वेळ सगळा इथेच जातो.

सगळं दारावरून उतरवा. दारावर टेप लावून जागच्या जागी फवारायचा मोह सोडा. सागवानाच्या रेषांत काळा रंग गेला की निघत नाही, आणि फवाऱ्याची धूळ दोन-तीन मीटरवरच्या फरशीवर आणि शेजाऱ्यांच्या चपलांवर बसते. काढण्याआधी फोटो काढा, स्क्रू प्रत्येक वस्तूच्या वेगळ्या पाकिटात.

१) भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने नायलॉनच्या घासणीने धुवा. दाराजवळ दिव्याच्या तेलाचा, उदबत्तीच्या धुराचा आणि हाताचा तेलकटपणा असतो. नुसत्या ओल्या फडक्याने तो पसरतो, निघत नाही.
२) घासणे. मुठीवर मुलामा सुटलाय त्या कडा २२० ने अशा घासा की बोटाला पायरी लागू नये. मग सगळीकडे ३२०. ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग असतं, त्याची चकाकी मरेपर्यंत ३२०. खड्डे असतील तर एच प्रायमर वाळल्यावर गाड्यांची एनसी पुटी पातळ भरा. भिंतीला भरायची लांबी (पुटी) धातूवर टिकत नाही.
३) धूळ झटकून स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन एकदा पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने. इथून पुढे उघड्या हाताने स्पर्श नाही, हातमोजे.
४) टांगा. तांब्याची किंवा बाइंडिंगची तार भोकातून ओवून दोरीवर. पालथं घालून एक बाजू, मग उलटून दुसरी बाजू, या पद्धतीत कडा नेहमी खराब होते.
५) स्क्रूची डोकी जाड पुठ्ठ्यात खोचून फवारा. थर्मोकोलमध्ये खोचू नका, फवाऱ्यातल्या थिनरने थर्मोकोल वितळून स्क्रूला चिकटतो.

अल्ड्रॉपचा सरकणारा दांडा आणि टॉवर बोल्टची नळी रंगवू नका. एका हाताचा थर वाळल्यावर साधारण १५ ते २५ मायक्रॉन होतो. तीन हात, दोन्ही बाजू, म्हणजे जिथे आधीच जेमतेम जागा आहे तिथे दांडा अडकतो. नाही अडकला तर पहिल्याच आठवड्यात खरवडून चंदेरी रेघ उमटते. फक्त पाटा आणि कडा काळ्या, दांडा चंदेरी. दिसायलाही बरं दिसतं.

ड्युकोवाला

आता फवारणी.

कॅनमधली गोळी खळखळायला लागली की तिथून पुढे पूर्ण एक मिनिट हलवायचा. मॅट रंगाला दोन मिनिटं, कारण चकाकी घालवणारी भुकटी तळाशी बसते. कमी हलवलात तर मधेच चकचकीत, मधेच पांढुरका असा रंग निघतो. मधेमधेही हलवत राहा.

आधी पुठ्ठ्यावर दोन फवारे. मग वस्तूपासून २० ते २५ सेंमी. बटण वस्तूच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत न्यायचा, पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं. मनगटातून कंस काढलात तर मधे जाड आणि टोकांना विरळ बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. कोपरे आणि खाचा आधी, सपाट भाग नंतर.

पहिल्या हातात खालचा धातू दिसत राहिला पाहिजे. हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड; पहिल्याच हातात काळं करायची घाई सगळ्यांना होते आणि तिथेच ओघळ येतात. लॅकरला दोन हातांमध्ये ५ ते १० मिनिटं. असे तीन हात. चौथा लागला तर समजा तुम्ही लांबून मारताय.

मॅट (बिनचकाकीचा) की सॅटिन (अर्धवट चकाकीचा) याबद्दल: दारासाठी सॅटिन घ्या. मॅटवर तेलकट बोटं उठून दिसतात आणि पुसायला गेलं की घासलेली जागा चकाकते. सणाला हळदीकुंकवाची बोटं लावणार, तोरणाच्या ओल्या झेंडूचं पाणी ओघळणार. मॅटच्या खरखरीत पृष्ठभागात ते मुरतं. सॅटिन पुसलं जातं.

बिघाड आणि कारणं:

ओघळ: जवळून किंवा हळू हात. ओलं असताना बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, ६०० च्या वॉटर पेपरने लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून ओघळ सपाट करा, मग एक पातळ हात.
संत्र्याच्या सालीसारखा पोत: लांबून मारणं किंवा फार गरम हवा. रंग जुळून यायच्या आत सुकतो.
गोल गोल खड्डे, जिथून रंग बाजूला सरकतो: सिलिकॉन किंवा तेल. फर्निचरला चमक आणणारा स्प्रे किंवा बिजागरीला मारलेलं वंगण हे नेहमीचे गुन्हेगार. वर कितीही हात मारले तरी खड्डे राहतात. पुसून काढा, साबण, थिनर, पहिल्यापासून.
नखाने सोलणं: प्रायमर नाही, किंवा चकाकी न घालवताच रंग.

पितळेची_समई

पाटी माझ्याकडे.

उठावाची अक्षरं असतील तर टेप लावत बसू नका. पाटी वर सांगितल्याप्रमाणे घासून-पुसून घ्या, एच प्रायमरचा एक पातळ हात, मग अक्षरांसकट सगळी पाटी काळी, तीन हात. रंग स्पर्शाला कोरडा झाला पण अजून पुरता कडक झालेला नाही, लॅकरसाठी साधारण दुसऱ्या दिवशी, तेव्हा ४०० नंबरचा पेपर एखाद्या सपाट फरशीच्या तुकड्यावर ताणून बसवा आणि अक्षरांच्या माथ्यावरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. ठोकळा कडक आणि सपाट हवा. बोटाने पेपर दाबलात तर तो अक्षरांच्या मधल्या खोलगट भागात उतरतो आणि तिथला काळा उडतो. माथ्यावरचा काळा निघून पितळ दिसलं की ६००, मग १०००. वेलांट्या, अनुस्वार, मात्रा यांची टोकं बारीक असतात, ती शेवटी आणि पेपरची पट्टी कापून. भुकटी मऊ ब्रशने झटकायची, थिनरने पुसायची नाही, काळा विरघळेल.

शेवटी क्लिअरचे दोन पातळ हात, कॅन त्याच कंपनीचा. पहिला हात फारच विरळ, नाहीतर क्लिअरमधला थिनर काळा उचलून अक्षरांवर पसरवतो.

कोरलेली, खोलगट अक्षरं असणाऱ्यांसाठी उलट: खाचांत काळा भरायचा आणि माथा घासायचा. पद्धत तीच.

सोनेरी स्प्रेने अक्षरं रंगवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तुमच्याकडे खरं पितळ आहे. क्रोम स्प्रेचंही तेच. मारल्याबरोबर आरसा, हात लागला किंवा वर क्लिअर मारलं की राखाडी.

थिनर_नको

मधेच एक महत्त्वाचं. सेफ्टी डोअरवरचे जुने हात नव्वदच्या दशकातले असतील तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या थरांची कोरडी घासाई करू नका, हीट गन लावू नका, ग्राइंडर तर नाहीच. वॉटर पेपर ओला करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, गाळ फडक्याने पुसून पिशवीत बंद. झाडू मारायचा नाही, पुसायचं. घरात रांगतं मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराच्या दारात करूच नका.

फवारताना एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. कॅनमधून रंगाला ढकलणारा वायू बहुतेक ज्वालाग्राही असतो आणि हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. लिफ्टच्या लॉबीत, पॅसेजमध्ये, बंद बाल्कनीत नको. गच्चीवर जा, वारा पाठीशी घ्या, उदबत्ती-निरांजन जवळपास नको.

टू-के क्लिअर म्हणून एक जात मिळते, तळाचं बटण दाबून हार्डनर आत सोडायचा. टिकाऊ आहे, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्याच्या आसपासही फिरकू नये. दाराच्या मुठीसाठी एवढा जोखमीचा माल लागत नाही.

ड्युकोवाला

मुठीपुरतं मी वेगळं म्हणेन. रोज पन्नास वेळा हात लागतो, वरून सॅनिटायझर. त्यातलं अल्कोहोल साध्या लॅकरला मऊ करतं. झिंकची मूठ कॅनने रंगवली तर झिजणार हे धरून चाला, हात पडतो तिथे आधी. टू-के नको असेल तर मूठ पावडर कोटिंगवाल्याकडे द्या किंवा सरळ बदला. मात्र झिंकचं ओतीव काम भट्टीत तापलं की आतली हवा फुगून फोड येऊ शकतात, म्हणून देताना धातू सांगा.

लोहारआळी

सेफ्टी डोअरचा हिशोब सांगतो, म्हणजे कॅनचा नाद सुटेल.

४०० मिलीचा कॅन एका हाताला साधारण १२ ते १५ चौरस फूट झाकतो. ७ बाय ३ फुटांचं जाळीचं दार, दोन्ही बाजू धरून प्रत्यक्ष लोखंड २० चौरस फूट समजा. तीन हात म्हणजे ६०, म्हणजे काहीही वाया न जाता ४-५ कॅन. पण गजावर मारताना निम्म्याहून जास्त फवारा गजांच्या मधून पलीकडे जातो. म्हणजे ९-१० कॅन, आणि पलीकडे काय असेल ते काळं.

तेच ब्रशने अर्धा लिटर सिंथेटिक इनॅमलमध्ये दोन हात होतात. जुना थरही इनॅमलच, त्यामुळे सुरकुत्यांचा प्रश्न नाही. खालच्या पट्टीचा गंज ओल्या पेपरने काढून कन्व्हर्टर, वाळल्यावर फक्त तेवढ्या जागेला रेड ऑक्साइड, बाकी सगळीकडे ओला ३२०, मग १ इंची ब्रश. खालच्या पट्टीला गंज येतो कारण फरशी पुसताना तिथे पाणी लागतं आणि चौकोनी नळीत साचतं. नळीच्या तळाला पाणी निघायला ५ मिमीची दोन भोकं पाडा, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा हाच धागा.

उरलेल्या सामानाला: एच प्रायमर १, काळा सॅटिन २, क्लिअर १. पत्रपेटी १२ बाय ९ बाय ४ इंचांची धरली तर बाहेरून पावणेतीन चौरस फूट, तीन हात आणि वाया जाणारं धरून एक कॅन तिलाच. दुसऱ्यात दिवा, अल्ड्रॉप, बोल्ट, पाटी. मूठ बदलणार असाल तर हे पुरतं.

उंबरा

मूठ बदलतो, सेफ्टी डोअर ब्रशने. दसऱ्याला पावसाचं चिन्ह असेल तर दिवाळीवर ढकलतो. दोन शेवटच्या शंका. पत्रपेटीच्या कुलपाचं काय? आणि उरलेला कॅन किती दिवस टिकतो?

अर्थिंग

कुलूप निघत असेल तर काढाच, मागून एक नट असतो. नसेल निघत तर किल्लीच्या भोकावर टेपचा गोल तुकडा, कडा नखाने दाबून. टेप शेवटचा हात मारल्यावर १०-१५ मिनिटांत, रंग ओलसर असतानाच सोलायचा. पूर्ण वाळल्यावर ओढला तर कडेचा रंगही सोबत येतो. कुलपात नंतर ग्रॅफाइटची भुकटी, तेल नको, त्यात धूळ धरते.

ड्युकोवाला

काम झाल्यावर कॅन उलटा धरून रंग येणं थांबेपर्यंत, दोन-तीन सेकंद फवारा. नुसता वायू आला की नळी आणि बटण साफ. हे न केलं तर पुढच्या वेळी बटण जाम. जाम झालंच तर बटण उपटून थिनरमध्ये भिजवा. सुई खुपसून भोक मोठं करू नका, मग पिचकारीसारखा थुंकतो. सावलीत ठेवलेला कॅन दोन-तीन वर्षं सहज चालतो. रिकामा कॅन कचऱ्यात देताना वायू पूर्ण संपवून द्या. जाळात, शेकोटीत, होळीत टाकायचा नाही, भोक पाडायचं नाही.

लोहारआळी

बसवताना स्क्रू हाताने पिळा. ड्रिलचा बिट डोक्यावरून घसरला की सगळ्यात आधी ताज्या काळ्या रंगावर चंदेरी ओरखडा येतो. जुन्या सागवानात भोकं ढिली झाली असतील तर लाकडाची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, वर आलेली कापा, दुसऱ्या दिवशी स्क्रू. लॅकर असेल तर २४ तासांनी बसवायला हरकत नाही, इनॅमल असेल तर आठवडा, आणि तोवर तोरण अल्ड्रॉपला अडकवू नका.